यादीतली सातवी

संघमित्रा भालेरावचं नाव होराइझन पार्टीच्या यादीत सातव्या नंबरवर घातलं, तेव्हा ती निवडून यावी असं कुणाच्याच मनात नव्हतं. तिच्या तर नव्हतंच. पक्ष लहान, सहा वर्षांपूर्वी निघालेला. न्यूझीलंडमध्ये मतदार दोन मतं देतो, एक आपल्या भागातल्या उमेदवाराला आणि एक पक्षाला. पक्षाला देशभरात पाच टक्के मतं पडली की त्याच्या यादीतली माणसं वरून खाली ओळीनं पार्लमेंटात जातात. आधीच्या खेपेला होराइझनला तीन टक्केसुद्धा पडली नव्हती. पहिली चार-पाच नावं सोडली तर बाकीची सगळी खोगीरभरती, हे यादी करणाऱ्यांनाही ठाऊक होतं आणि यादीत बसणाऱ्यांनाही.

"सही तर करायचीय फक्त," ती नवऱ्याला म्हणाली.

नागसेन पाण्याच्या पाइपलाइनी आखणारा इंजिनिअर. कुठलाही कागद तीनदा वाचल्याशिवाय खाली ठेवायचा नाही. त्यानं तो फॉर्म वाचला आणि म्हणाला, "आणि निवडून आलीस तर?"

"मी? सातवी?"

पंधरा वर्षांची श्रिया मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ लिस्ट. चिल."

संघमित्रा मूळची नांदेडची. आई लीलाबाई नगरपालिकेच्या दवाखान्यात आया होती. बाळंतिणींची न्हाणीधुणी करून तिनं मुलीला फार्मसीची डिग्री घ्यायला लावली. लग्नानंतर दोघं ऑकलंडला आली. अवोन्डेलच्या मुख्य रस्त्यावरच्या एका फार्मसीत संघमित्रा चौदा वर्षं काउंटरमागे उभी होती. सामोअन आज्या, चिनी दुकानदार, पंजाबी टॅक्सीवाले, रविवारच्या बाजारात भाजी विकणारे टोंगन शेतकरी, सगळ्यांच्या गोळ्या तिला पाठ, आणि सगळे तिला नुसतं 'मित्रा' म्हणायचे. कुणाची साखर वाढली, कुणी रक्तदाबाची गोळी अर्धी करून पुरवतोय, हे डॉक्टरच्या आधी तिला कळायचं.

पक्षाला ती माहीत झाली ती शशिकांतमुळे. शशिकांत एका रेस्टॉरंटात स्वयंपाकी होता, चाळिशीतला, कोल्हापूरकडचा. एकाच महिन्यात तो तिसऱ्यांदा भाजल्यावरचं मलम न्यायला आला तेव्हा तिनं त्याला आतल्या खोलीत बसवलं आणि मराठीत विचारलं, "काय चाललंय?" मालकानं पासपोर्ट काढून घेतला होता. सात जणांना एका गॅरेजमध्ये कोंबलं होतं. व्हिसावर त्याच मालकाचं नाव, त्यामुळे नोकरी सोडली की देश सोडायचा. त्या वेळी कायद्यात एक पळवाट नव्हे, चांगली रुंद वाट होती: छळ होत असल्याची तक्रार नोंदवली की कामगाराला सहा महिन्यांचा वेगळा परवाना मिळायचा, तेवढ्यात त्यानं दुसरं काम शोधायचं. संघमित्रानं त्याच्याबरोबर बसून फॉर्म भरले. तीन आठवड्यांत तो मोकळा झाला, पुढे दूर पामर्स्टन नॉर्थ या गावी एका हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात लागला. मग त्याच्यासारखे आणखी अकरा जण तिच्याकडे आले. स्थानिक पेपरात तिच्यावर अर्धं पान छापून आलं आणि महिन्याभरात होराइझनच्या नेत्या मार्गो टेट स्वतः फार्मसीत येऊन उभ्या राहिल्या.

प्रचारात संघमित्राला भाषण म्हणून एकच गोष्ट येत होती, शशिकांतची. ती तीच सांगायची आणि लोक ऐकायचे. शशिकांत सुट्टी काढून नऊ तास बस करून यायचा आणि घरोघरी पत्रकं टाकायचा. त्याला स्वतःला मत नव्हतं. वर्क व्हिसावाल्याला नसतं.

मतमोजणीच्या दिवशी होराइझनला पाच पूर्णांक दोन टक्के मतं पडली. सहा जागा. हॉलमध्ये लोक नाचले, संघमित्राही नाचली आणि सोमवारी कामावर गेली. पण इथं खास मतं नावाचा एक प्रकार असतो. उशिरा नाव नोंदवणाऱ्यांची, परदेशात असणाऱ्यांची, आपल्या भागाबाहेर मत टाकणाऱ्यांची मतं मागाहून, तीनेक आठवडे मोजतात. त्या वेळी ती लाखांनी होती, आणि त्यात नुकतेच कायम रहिवासी झालेले पुष्कळ होते, ज्यांनी शेवटच्या आठवड्यात धावतपळत नाव घातलं होतं. तिसऱ्या शुक्रवारी दुपारी ती एका म्हाताऱ्याला इन्हेलर कसं ओढायचं ते दाखवत होती, तेवढ्यात मार्गोचा फोन आला.

"सात झाल्या," मार्गो म्हणाली. "कोट इस्त्रीला टाक."

लीलाबाईंनी नांदेडच्या विहारात पेढे वाटले. पार्लमेंटात संघमित्रानं आधी इंग्रजीत शपथ घेतली आणि मग तीच मराठीत म्हणाली. कामकाज इंटरनेटवर दिसतं हे नातवंडांनी लीलाबाईंना दाखवून दिलं होतं. तिथं संध्याकाळ असते तेव्हा नांदेडात सकाळ. त्या चहाचा कप घेऊन मोबाइलसमोर बसायच्या. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण कोण उभं राहतं, कोण बसतं, ते त्या बघायच्या. रोज फोनवर एकच प्रश्न: "आज बोललीस का गं?"

सभागृहात एकशेवीस जण. सगळ्यात मोठ्या पक्षाचे चोपन्न, होराइझनचे सात, मिळून एकसष्ट. समोर एकोणसाठ. त्या सातांच्या जिवावर सरकार बनलं, आणि त्याची किंमत म्हणून मार्गोनं एक करार करून घेतला. त्यातलं मुख्य कलम, शाळाशाळांत मुलांसाठी दातांचे चाळीस दवाखाने. हे कलम संघमित्रानंच लिहून दिलं होतं. फार्मसीत तिनं सहा-सहा वर्षांच्या पोरांच्या आया बघितल्या होत्या, दातदुखीवर नुसतं पॅरासिटामॉल नेणाऱ्या, कारण दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागता लागत नव्हता. कराराच्या खालच्या भागात बारीक अक्षरात सरकारनंही आपलं काही घालून घेतलं होतं. त्यात एक ओळ होती: स्थलांतरितांच्या कायद्यात सरकार जे बदल आणील त्यांना पाठिंबा.

मार्च महिन्यात ते विधेयक आलं. त्यानं तो सहा महिन्यांचा परवाना काढून टाकला. लोक खोट्या तक्रारी करून मुक्काम वाढवतात, असं कारण दिलं होतं. इथून पुढं तक्रार जरूर करा, पण चौकशी चालेल तोवर एकतर त्याच मालकाकडे राहा, नाहीतर देशाबाहेर जाऊन वाट बघा.

संघमित्रानं पक्षाच्या बैठकीत हात वर केला. "हे कसं चालेल? याच्यावर तर मी मतं मागितलीत."

मार्गो वाईट बाई नव्हती. तिनं दरवाजा लावून घेतला आणि संघमित्राशेजारी येऊन बसली. "तुझं म्हणणं खरं आहे. मलाही हे आवडलेलं नाही. पण करार मोडला तर दवाखाने गेले. चाळीस शाळा, मित्रा. आणि हा कायदा आपण पुढच्या वर्षी दुरुस्त करून घेऊ. मी शब्द देते."

प्रतोद कॉलिन जास्त सरळ बोलला. सभागृहात प्रत्येक सदस्य वेगळं मत देत नाही. प्रतोद पक्षाच्या सगळ्यांची मतं एकदम पुकारतो. "तू विरोधात गेलीस तर साठ-साठ," तो म्हणाला. "बरोबरी झाली की विधेयक पडतं. पण तुला फारच टोचत असेल तर त्या वेळी चालायला जा. तू नसलीस तर साठ-एकोणसाठ. विधेयक पास होईल आणि तुझे हात साफ राहतील."

त्या आठवड्यात ती घरी आली तेव्हा नागसेननं भाकरी टाकता टाकता सगळं ऐकून घेतलं.

"मी काय करू?" तिनं विचारलं.

"मी सांगितलं आणि तू केलंस, तर ते माझं मत होईल," तो म्हणाला. "पण चालायला जाऊ नकोस. ते फार वाईट."

ती चालायला गेली नाही. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वाचनाला ती आपल्या जागेवर होती. संध्याकाळचे पाच वाजत आले होते. क्लार्कनं एकेका पक्षाचं नाव घेतलं. होराइझन आलं तेव्हा कॉलिन म्हणाला, "सात मतं बाजूनं." सगळे पक्ष संपल्यावर क्षणभर थांबायची रीत आहे. पक्षाविरुद्ध ज्याला मत द्यायचं असेल त्यानं त्या वेळी उठून सांगायचं. संघमित्रानं पुढच्या बाकाची कड धरली होती. दवाखान्यांचा विचार तिच्या मनात होता, हे खरं. पण त्याहून जास्त भीती होती, हे तिला पुढे कबूल करावं लागलं. एकशेवीस माणसांच्या देखत, चार महिन्यांची नवखी, यादीतली शेवटची, आपल्याला इथं आणून बसवणाऱ्या सहा जणांच्या तोंडावर उभं राहायचं. सभापतींनी इकडून तिकडे पाहिलं. चार-पाच सेकंद गेले असतील. मग निकाल वाचला: बाजूनं एकसष्ट, विरोधात एकोणसाठ.

फोन आला. लीलाबाई नेहमीसारखं "बोललीस का" म्हणाल्या नाहीत. "आज तू बसूनच राह्यलीस," त्या म्हणाल्या. "तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे, माय."

"मंग ठीक."

दुसऱ्या दिवशी पामर्स्टन नॉर्थहून शशिकांतचा फोन आला. रागावलेला नव्हता, हळूच बोलत होता. "ताई, एक विनंती होती. इथून पुढं माझी गोष्ट कुठं सांगू नका."

बरोबर तीन आठवड्यांनी सुरुची आली. अवोन्डेलमध्ये एका डेअरीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या, शेजारी दोन खोल्यांत संघमित्राचं कार्यालय होतं. सुरुची पलूसची, तिशीतली, फूड टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा केलेली. पश्चिम ऑकलंडमधल्या एका पावाच्या कारखान्यात होती. नवरा आणि सात वर्षांची मुलगी गावाकडे. ती खुर्चीच्या टोकावर बसली.

"मॅडम, पिठाच्या रोलरची जाळी काढलीय त्यांनी. पीठ अडकतंय म्हणून. हात घालून सोडवावं लागतंय, मशीन चालू असताना. मी दोनदा सांगितलं सुपरवायझरला. पासपोर्ट त्यांच्याकडंच आहे. मला ते काम सोडायचंय. तुम्ही सोडवता असं ऐकलं."

संघमित्रानं तिला तक्रार कुठे करायची, यंत्राबद्दल कुणाला कळवायचं, ते सांगितलं. मग नवा नियम सांगितला. तक्रार केलीस तर चौकशी होईतोवर एकतर तिथंच राहायचं, नाहीतर परत जायचं.

"पण माझ्या मैत्रिणीला सहा महिने मिळालेले की."

"तो नियम बदलला."

"कधी?"

"गेल्या महिन्यात."

सुरुचीनं मान हलवली. मग विचारलं, "तुम्ही होता का तिथं?"

"होते," संघमित्रा म्हणाली. त्यापुढे तिनं काही सांगितलं नाही. सुरुचीनंही विचारलं नाही. पार्लमेंटात शेकडो माणसं असणार, त्यात ही एकटी बाई काय करणार, असंच तिला वाटलं असावं.

"तक्रार करून तिथंच राहिले तर मालक मला काय ठेवतोय," ती म्हणाली. "नुसतं मशीनचं कळवते. नाव न सांगता."

"मीही कळवते. आजच."

संघमित्रानं खरंच कळवलं. त्याच दिवशी कामगार सुरक्षा खात्याला पत्र पाठवलं, पुढच्या आठवड्यात फोन केला. तपासनीस पाठवू, असं उत्तर आलं. तपासनीस थोडे, कारखाने पुष्कळ. जुलैमध्ये, तपासनीस यायच्या आधी नऊ दिवस, सुरुचीचा उजवा हात रोलरमध्ये गेला.

संघमित्रा हॉस्पिटलमध्ये गेली तेव्हा मनगटाच्या वरपर्यंत पांढरं बँडेज होतं आणि त्याच्या पुढं काही नव्हतं. सुरुची जागी होती. तिनं पहिली गोष्ट विचारली ती अशी: "माझ्या मुलीला सांगितलं का कुणी? सांगू नका. मी सांगीन." दुसरी गोष्ट, "हातात बांगडी होती आईची. ती मिळाली का बघाल?" संघमित्रा कारखान्यात जाऊन आली. बांगडी मिळाली नाही.

उपचार सगळे झाले, त्यात इथली व्यवस्था कमी पडली नाही. पण काम राहिलं नाही तेव्हा कामाचा व्हिसाही राहिला नाही. सप्टेंबरात सुरुचीला विमानतळावर सोडायला संघमित्रा आणि नागसेन गेले. नागसेननं तिची बॅग काउंटरवर ठेवली. बॅगेच्या फॉर्मवर सही करायची वेळ आली तेव्हा सुरुचीनं पेन डाव्या हातात घेतलं आणि लहान मूल काढतं तशी आपल्या नावाची अक्षरं काढायला लागली. मागे रांग थांबली. गाडीत परत येताना नागसेननं विचारलं, "तिला माहीत आहे का?"

"नाही."

त्यानंतर संघमित्रा मार्गोकडे गेली आणि शब्दाची आठवण करून दिली. पण तोवर वारं फिरलं होतं. दुसऱ्या एका छोट्या पक्षाचे चार जण नुकतेच सरकारच्या बाजूला येऊन बसले होते, आणि सरकारला होराइझनची पूर्वीसारखी गरज राहिली नव्हती. "आत्ता आपण काही मागितलं तर आहे तेही जाईल," मार्गो म्हणाली. चाळीस दवाखान्यांपैकी तोवर तीन उघडले होते. ते तीनच राहिले.

तेव्हा संघमित्रानं स्वतःच्या नावानं विधेयक लिहिलं, जुना परवाना परत आणणारं. मंत्री नसलेल्या सदस्यांची विधेयकं इथं चिठ्ठीनं निघतात. पार्लमेंटात त्यासाठी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात नंबर घालून हलवतात आणि एक काढतात. बहुतेकांची विधेयकं वर्षानुवर्षं त्यात पडून राहतात. तिचं सहाव्या आठवड्यात निघालं. पक्षानं पाठिंबा द्यायला नकार दिला, आणि ते मागे घे असंही सांगितलं. तिनं ऐकलं नाही. पक्षानं तिला काढून टाकलं.

पक्ष सोडलेल्या किंवा पक्षानं काढलेल्या सदस्याची जागा घालवता येईल असा कायदा या देशात आहे. नेत्यानं सभापतींना पत्र द्यायचं, सभागृहातल्या पक्षाच्या दोन तृतीयांश माणसांची संमती दाखवायची, की झालं. संघमित्रा त्या पत्राची वाट बघत राहिली. ते आलंच नाही. पेपरात उगाच बोभाटा कशाला, आता तिच्या मतानं फरक काय पडतो, असा मार्गोनं हिशेब केला. तिला हाकलण्याइतकंही तिचं वजन उरलं नव्हतं.

तिची जागा सगळ्यात मागच्या कोपऱ्यात गेली, खांबाजवळ. आता ती कुणाच्या सहा-सातात मोडत नव्हती. सगळ्या पक्षांची मतं पुकारून झाली की शेवटी क्लार्क तिचं नाव घ्यायचा, आणि ती उत्तर द्यायची. तिच्या विधेयकाच्या दिवशी ती अकरा मिनिटं बोलली. सुरुचीचं नाव घेतलं नाही, पण हात सांगितला, जाळी सांगितली, नऊ दिवस सांगितले. विरोधी पक्षाच्या बाकावर एक जण डोळे पुसत होता. मग क्लार्कनं नावं घेतली. बाजूनं छप्पन्न, विरोधात चौसष्ट. विरोधातल्या चौसष्टांत होराइझनचे सहा.

"बैल गेला नि झोपा केला," ती नागसेनला फोनवर म्हणाली.

उरलेली दीड वर्षं तिनं एकही मतदान चुकवलं नाही. ताप असताना गेली, श्रियाच्या शाळेच्या बक्षीस समारंभाच्या दिवशी गेली. श्रिया त्यावर चिडली होती. "यू नेव्हर विन, आई. व्हाय डू यू ईव्हन गो?" त्या दीड वर्षात तिनं दोनशेच्या वर मतं दिली, सगळी स्वतःच्या तोंडानं, आणि त्यातल्या एकाही मतानं कुठलाही निकाल बदलला नाही. तिला ते माहीत होतं. ज्या दिवशी बदलला असता तो दिवसही माहीत होता.

पुढच्या निवडणुकीत होराइझनला साडेतीन टक्के मतं पडली आणि सगळा पक्षच पार्लमेंटाबाहेर गेला. संघमित्रा आपल्या भागातून अपक्ष म्हणून उभी राहिली. अपक्षाला इथं कुणी निवडून देत नाही. हाताशी आठ माणसं होती. त्यात शशिकांत नव्हता. तिला तेराशे बेचाळीस मतं पडली. खास मतं मोजल्यावर त्यात अठ्ठ्याण्णवची भर पडली. निवडून आलेला उमेदवार तिच्याशी हात मिळवायला आला तेव्हा त्यानं तिचं नाव चुकीचं उच्चारलं, आणि तिनं सुधारून दिलं.

जुन्या फार्मसीत तिची जागा भरली गेली होती. आता ती वेगवेगळ्या दुकानांत बदली म्हणून जाते, कधी न्यू लिनला, कधी हेंडरसनला. ओळखणारे ओळखतात, "किया ओरा, मित्रा," असा माओरीत नमस्कार करतात आणि गोळ्या घेऊन जातात.

सुरुचीला ती महिन्यातून एकदा फोन करायची. प्रकृती, मुलीची शाळा, नकली हात बसवायला मिरजेला गेल्याची हकीकत, एवढंच बोलणं व्हायचं. शेवटी सुरुची म्हणायची, "ताई, तुम्ही फार केलंत माझ्यासाठी." हे वाक्य ऐकलं की संघमित्राला त्या दिवशी जेवण जायचं नाही. निवडणूक संपल्यावर दोन महिन्यांनी, एका दुपारी हेंडरसनच्या दुकानामागे गाडी लावून तिनं फोन लावला. सुरुचीनं पुन्हा तेच वाक्य म्हटलं, आणि संघमित्रानं तिला थांबवलं.

"सुरुची, मला तुला एक सांगायचंय. तो नियम ज्या दिवशी बदलला ना, त्या दिवशी एकसष्ट विरुद्ध एकोणसाठ मतं पडली होती. मी उठून नाही म्हटलं असतं तर साठ-साठ झाली असती. नियम बदललाच नसता. मी उठले नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे एका मतानं?" सुरुचीनं विचारलं.

"हो. माझ्या."

"मी तुमच्यापुढं बसले होते तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग तेव्हा का नाही बोलला?"

"लाज वाटली."

सुरुचीचा आवाज चढलेला नव्हता, नेहमीसारखाच होता. "मी इकडं सगळ्यांना सांगते की तिथं आपल्यातली एक बाई होती, तिनं जीव तोडून केलं माझ्यासाठी. माझ्या सासूला सांगितलंय, पोरीला सांगितलंय. आता काय सांगू?"

"खरं सांग."

"खरं सांगून माझा हात येतोय का?" ती म्हणाली. "तुम्हाला मोकळं व्हायचं होतं, झाला तुम्ही. मी कुठं टाकू हे?"

मागून मुलीचा आवाज आला, वेणी घालून दे म्हणून. सुरुची तिला म्हणाली, "आजीकडून घाल जा." मग फोनमध्ये म्हणाली, "ठेवते. पुन्हा फोन करू नका, ताई."

संघमित्रानं पुन्हा फोन केला नाही. त्या दिवशी ती दुकानात परत गेली आणि बंद होईपर्यंत काम केलं. घरी आल्यावर तिनं नागसेनला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, "जेवून घे" म्हणाला, आणि ती जेवली नाही तेव्हा ताट झाकून ठेवलं.